टेकडीवरचं इटालियन घर: पैसे भरण्याआधी काय विचाराल?

इटलीची तयारी करणाऱ्या मराठी कुटुंबांचे प्रश्न हल्ली बदलले आहेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस उरकून झालेलं असतं. आता आठवडाभर एखाद्या जुन्या दगडी गावात घर घेऊन निवांत राहायचं असतं, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. हे घर म्हणजे हॉटेल की कुणाचं खासगी घर? व्हिसासाठी त्याची पावती चालेल का? मालक आगाऊ रक्कम मागतो आहे, ती बुडाली तर? आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत, त्यांना चढ झेपेल का?

या गावांचं देखणेपण आणि तिथली गैरसोय एकाच कारणातून आली आहे. शत्रूला वर पोहोचता येऊ नये म्हणून ती टेकडीवर, जाड भिंतींची आणि अरुंद बोळांची बांधली गेली. पाहुण्यांनाही तोच चढ चढावा लागतो आणि त्याच भिंतींच्या आत वायफाय शोधावा लागतो. तेव्हा फोटो बघून गाव जरूर निवडा, पण घर निवडायचं ते प्रश्न विचारून.

गावं सारखी दिसतात, सारखी नसतात

लिगुरियात आल्बेंगा शहराच्या मागच्या डोंगरात कोलेत्ता दि कास्तेलबियान्को नावाचं गाव आहे. लोक पोटापाण्यासाठी निघून गेले आणि गाव ओस पडलं. 1990 च्या दशकात जानकार्लो दे कार्लो या वास्तुकारानं ते पुन्हा उभं केलं. उर्बिनो शहरातल्या कामासाठी जगभर नाव झालेला हा माणूस. त्यानं जुन्या कमानींच्या खोल्या न पाडता त्या एकमेकींना जोडून घरं केली आणि त्या काळात गावात इंटरनेटची सोयही आणली. या जोडण्यामुळे तिथलं प्रत्येक घर वेगळं निघतं. एकाची झोपण्याची खोली वर तर दुसऱ्याची खाली, आणि मध्ये दगडी पायऱ्या. म्हणून अशा गावात शेजारच्या घराचं कौतुक वाचून आपलं घर ठरवू नये. तुम्हाला मिळणाऱ्या नेमक्या घराचा नकाशा किंवा निदान सगळ्या खोल्यांचे फोटो मागून घ्या.

आब्रुझ्झोतलं सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो सुमारे 1,250 मीटर उंचीवर आहे. दानिएले किल्ग्रेन या उद्योजकानं तिथली घरं डागडुजी करून पाहुण्यांना दिली, पण धुरानं काळ्या झालेल्या भिंती मुद्दाम तशाच ठेवल्या. ज्यांना चकचकीत स्वयंपाकघर हवं असतं, त्यांची तिथे निराशा होते. 6 एप्रिल 2009 च्या लाक्विला भूकंपात गावाचा मध्ययुगीन बुरूज कोसळला होता. तो नंतर पुन्हा बांधला.

लात्सियोतल्या चिविता दि बान्योरेज्योला तर फक्त पायी पुलावरून जाता येतं आणि 2013 पासून गावात शिरायला तिकीट आहे. तिथे मुक्काम करणार असाल, तर तिकिटातून सूट आहे का आणि सामान वर कोण नेणार, हे आधी विचारा.

मराठी प्रवाशाला उंब्रियातलं मोंतोने जवळचं वाटावं असं कारण आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी याच परिसरात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै 2023 मध्ये मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं. सहलीच्या यादीत हे गाव सहसा नसतं. उंब्रियात घर घेणार असाल तर ते जरूर घाला.

घर नेमकं कोणत्या प्रकारचं?

जाहिरातीत सगळ्यालाच 'अपार्टमेंट' म्हटलेलं असतं. कागदावर मात्र प्रकार वेगळे असतात, आणि रात्री अकराला नळ गळू लागला तर कोण धावून येणार, हे त्या प्रकारावर ठरतं.

- खासगी घर, अल्प मुदतीच्या भाड्यानं. मालक मिलानला किंवा लंडनलाही राहत असेल. किल्ली द्यायला गावातली एखादी बाई येते. स्वयंपाकघर पूर्ण तुमचं. तीस दिवसांपर्यंतचा भाडेकरार सरकारदरबारी नोंदवावा लागत नाही, पण लेखी असावाच लागतो.
- आल्बेर्गो दिफ्फूझो, म्हणजे गावभर विखुरलेलं हॉटेल. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या चार बोळांत. 1976 च्या फ्रिउली भूकंपानंतर ओस पडलेली घरं वापरात आणण्याच्या खटपटीतून ही कल्पना निघाली. न्याहारी, साफसफाई, दाद मागायला माणूस, सगळं मिळतं. पण अनेक खोल्यांत चूल नसते.
- आग्रितुरिस्मो, शेतकऱ्याच्या शेतावरचा मुक्काम. बहुधा गावाबाहेर, गाडी दारापर्यंत जाते, जेवण घरचं. चढाची भीती असलेल्यांनी गाव लांबून बघावं आणि इथे राहावं. हा सल्ला ऐकायला रुक्ष वाटेल, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तोच खरा.

नोंदणी क्रमांक दिसला नाही तर पुढे जाऊ नका

इटलीत 2025 च्या सुरुवातीपासून पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. त्याचं लघुरूप सीआयएन. तो जाहिरातीत छापावा लागतो आणि इमारतीच्या दर्शनी भागावरही लावावा लागतो. क्रमांक नसलेल्या मालकाला 800 ते 8,000 युरो दंड होऊ शकतो. दंड मालकाला होतो, पाहुण्याला नाही. पण नोंदणी नसलेल्या घराची पावती व्हिसाच्या अर्जाला जोडणं आणि त्यावर हजारो रुपये लावणं शहाणपणाचं नाही. याच नियमांनुसार घरात गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं व अग्निशामक नळकांडं हवं. जुन्या घरात शेकोटी किंवा गॅसचा बंब असेल तर हे नजरेखालून घालाच.

पोहोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. त्यात वावगं काही नाही. पाहुण्यांची नावं चोवीस तासांच्या आत पोलिसांना ऑनलाइन कळवणं त्याला बंधनकारक आहे. पासपोर्ट दाखवा, तपशील उतरवून घेऊ द्या, पण मूळ पासपोर्ट त्याच्या ताब्यात ठेवू नका. नोंद झाल्याची प्रतही मागून घ्या. तुम्ही फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे, म्हणजे दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत शिरला असाल, तर आठ दिवसांत आपली उपस्थिती कळवण्याचा नियम आहे. तेव्हा हा कागद हाताशी असलेला बरा.

आगाऊ रक्कम: कागदावर कोणता शब्द आहे?

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. इटालियन करारात आगाऊ रकमेला दोन-तीन वेगळे शब्द येतात आणि प्रत्येकाचा कायदेशीर अर्थ निराळा आहे.

'कापार्रा कॉन्फिर्मातोरिया' असं लिहिलं असेल तर नागरी संहितेचं कलम 1385 लागतं. तुम्ही शब्द फिरवला तर मालक रक्कम ठेवून घेतो. मालकानं शब्द फिरवला तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. समजा, 1,200 युरोंच्या घरासाठी तुम्ही 360 युरो भरले आणि ऐन वेळी मालकानं जास्त भाडं देणाऱ्या दुसऱ्याला घर दिलं, तर तुम्ही 720 युरो मागू शकता.

'अकोंतो' हा निव्वळ किमतीचा आगाऊ हप्ता. व्यवहार मोडला तर तो परत करायचा असतो, मात्र खरोखर झालेलं नुकसान दुसरी बाजू मागू शकते. 'देपोजितो काउत्सियोनाले' ही मोडतोडीसाठीची अनामत. ती निघताना परत मिळाली पाहिजे.

पाठवण्याआधी एवढं करा:

1. एकूण भाडं, आगाऊ रक्कम, तिचा प्रकार, अनामत आणि ती परत करायची मुदत ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन पुरत नाही.
2. भाड्यात न धरलेले खर्च विचारा: शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, हीटिंग आणि पर्यटक कर. हा कर माणशी, रात्रीमागे लागतो. दर आणि मुलांची सवलत प्रत्येक नगरपालिका स्वतः ठरवते. अनेकदा तो रोख मागतात. पावती घ्या.
3. संकेतस्थळावर घर बघून मालक 'बाहेरून थेट बँकेत पाठवा, दहा टक्के सूट देतो' म्हणाला तर नाही म्हणा. संकेतस्थळाचं संरक्षण तिथेच संपतं.
4. मालकाशी थेटच व्यवहार असेल तर सीआयएन, मालकाचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळवून बघा. इटलीतल्या खात्याचा आयबॅन क्रमांक 'आयटी'नं सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो. इटलीतल्या घरासाठी भलत्याच देशातलं खातं दिलं तर कारण विचारा.
5. जमेल तिथे क्रेडिट कार्ड वापरा. कारण शेवटच्या भागात येईल.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत विनाकारण रद्द करता येते, हे खरं आहे. पण ठरावीक तारखांच्या निवासाला ती सोय लागू नाही. तिथे करारातली रद्द करण्याची अट हाच कायदा.

व्हिसा आणि बुकिंग: आधी काय?

दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. निवासाचा पुरावा दिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही, आणि व्हिसा मिळेपर्यंत घराचे पैसे भरायला धीर होत नाही. यातून वाट एकच: ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल असं बुकिंग.

ती तारीख मात्र अंदाजानं धरू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण नियमानुसार ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. समजा, 10 सप्टेंबरला घरात शिरायचं आहे आणि व्हिसा केंद्राची वेळ 1 जुलैला मिळाली, तर निकाल 15 ऑगस्टपर्यंत लांबू शकतो. म्हणजे 10 ऑगस्टपर्यंतच फुकट रद्द होणारं घर तुमच्या कामाचं नाही. मालकाला सरळ लिहा: 'भारतीय पासपोर्ट आहे, व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळेल का?' पुष्कळ मालक 'हो' म्हणतात. ते ईमेलवर हवं.

- अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार. लिगुरियाला जाणारे बरेच जण फ्रान्समधल्या नीसला उतरतात. तसं उतरायला हरकत नाही, पण जास्त दिवस इटलीत असतील तर अर्ज इटलीकडेच. दिवस समसमान असतील तर जिथे आधी प्रवेश तो देश.
- शुल्क प्रौढांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45. त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.
- प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.
- पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा.
- व्हिसा नाकारला तर कारण लेखी मिळण्याचा तुमचा हक्क आहे. इटलीच्या निर्णयाविरुद्ध लात्सियोच्या प्रशासकीय न्यायालयात साठ दिवसांत दाद मागता येते. सुट्टीसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही. कारण वाचून, त्रुटी भरून नवा अर्ज करणं स्वस्त पडतं.

मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील, तर एप्रिल 2024 पासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. तशी मागणी अर्जात स्पष्ट करा.

चढ, बॅगा आणि गाडी

'गाडीतळापासून दारापर्यंत किती मीटर आणि किती पायऱ्या?' हा प्रश्न शब्दशः असाच विचारा. 'चालत जवळ आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं अडतात, आवाज गावभर होतो आणि शेवटी चोवीस किलोंची बॅग खांद्यावर येते. घराच्या आतल्या पायऱ्याही विचारा. जुन्या घरांत त्या उंच, अरुंद आणि कधी कठड्याविना असतात. न्हाणीघर झोपायच्या खोलीच्या मजल्यावर आहे ना, हेही घरातल्या ज्येष्ठांसाठी आधीच कळलेलं बरं.

बसवर भिस्त ठेवणार असाल तर वेळापत्रकातले तीन शब्द ओळखा. 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सणवार, 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळेच्या दिवसांत. डोंगरातल्या अनेक बस या तिसऱ्या प्रकारच्या असतात. नेमक्या मे-जूनच्या सुट्टीत गेलेल्या पाहुण्याला जूनच्या मध्यापासून फलकावर लिहिलेली बस येतच नाही.

गाडी घेतली तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो निघण्याआधी इथल्या आरटीओतून काढायचा, तिकडे मिळत नाही. गाड्या बहुतेक हातगिअरच्या. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा. आणि जुन्या गावांच्या वेशीवर 'झेड-टी-एल' असा फलक असतो: ठरावीक गाड्यांनाच प्रवेश. तिथे अडवायला माणूस नसतो, कॅमेरा असतो. दंडाची नोटीस परदेशी राहणाऱ्याला 360 दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि त्याआधी गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल कार्डावरून स्वतःचं शुल्क कापून घेते. सामान उतरवायला आत जायचं असेल तर मालकाला गाडीचा क्रमांक पालिकेत नोंदवता येतो का, ते पोहोचण्याआधी विचारा. 15 नोव्हेंबर ते 15 एप्रिलमध्ये अनेक डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात.

घरात शिरल्यावर

इटलीतल्या सामान्य घराची वीजजोडणी तीन किलोवॅटची असते. आपल्याला हे माहीत नसतं. ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलेलं, कपड्यांचं यंत्र चालू, आणि कुणीतरी चहासाठी विजेची किटली लावली की घर अंधारात. मीटर बहुधा खाली तळमजल्याच्या कोनाड्यात किंवा बाहेर बोळात असतो. रात्री मोबाइलच्या उजेडात तो शोधण्यापेक्षा किल्ली घेतानाच तो कुठे आहे आणि खटका कसा वर करायचा, हे दाखवून घ्या.

चूल गॅसची की इंडक्शनची, हेही विचारा. घरून नेलेला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, अॅडॉप्टर न्या.

हीटिंगचं गणित वेगळं आहे. ते कधी चालू करायचं याच्या तारखा हवामान-विभागानुसार ठरलेल्या असतात. उत्तर आणि मध्य इटलीचा मोठा भाग ज्या विभागात येतो तिथे 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हजार मीटर उंचीवर दगडी भिंती गार पडलेल्या असतात आणि रेडिएटर बंद. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हीटिंग चालू असेल का आणि त्याचे पैसे मीटरनुसार वेगळे का, हे लिहून घ्यावं.

घरून खाण्याचं काय न्यावं? डाळ, तांदूळ, कोरडे मसाले, भाजणी यांना अडचण नाही. पण युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवायचे. ताजा कढीपत्ता आणि आंबे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत. घरून फार काही नेण्याची गरजही नाही. लिगुरियात हरभऱ्याचं पीठ दुकानात सहज मिळतं. तिथली फारिनाता म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच. सान्तो स्तेफानोची बारीक मसूर तर नावाजलेली आहे, आणि ती करायला कुकरही लागत नाही. गावातलं दुकान मात्र दुपारी तीन-चार तास बंद असतं, आणि 15 ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास कित्येकदा आठवडाभर. पहिल्या दिवसाचं दूध, पाव आणि पाणी खालच्या शहरातूनच घेऊन वर जा.

काही बिनसलं तर

घरात पाऊल टाकताच, बॅगा उघडण्याआधी, सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा: भिंतीवरची ओल, तडा गेलेली काच, डाग पडलेली गादी. जाहिरातीत लिहिलेलं काही नसेल तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि दुरुस्तीला वाजवी वेळ द्या. संकेतस्थळावरून घेतलं असेल तर तक्रार तिथेच नोंदवा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवावं लागतं. आठवडा निमूट काढून परतल्यावर केलेली तक्रार टिकत नाही.

युरोपातल्या ग्राहकांसाठी सीमापार तक्रार केंद्रं आहेत, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी. भारतातून गेलेल्या पाहुण्यासमोर व्यवहारात दोनच वाटा उरतात: संकेतस्थळ आणि क्रेडिट कार्ड. करार, ईमेल आणि फोटो जोडून बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो. बँकेतून थेट पाठवलेल्या रकमेला ही सोय नाही.

निघताना कचरा वेगळा केलेला असावा. ओला, कागद, प्लास्टिक, काच आणि उरलेला, यांचे गोळा करण्याचे वार ठरलेले असतात, आणि न वेगळा केलेल्या कचऱ्याचे पैसे अनामतीतून कापू असं अनेक करारांत लिहिलेलं असतं. वारांचा तक्ता स्वयंपाकघरात लावलेला सापडेल. नसेल तर मागा. किल्ली देताना मीटरचं वाचन, मोडतोड नसल्याची दोन ओळींची नोंद आणि अनामत कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात परत येणार, हे मालकाच्या सहीनं किंवा निदान त्याच्या मोबाइलवरच्या संदेशानं घेऊनच गाडीकडे उतरा.